उणे ३४ अंशांवरचे पाणी

वळवाचा ढग पुण्याजवळच्या महाळुंग्यावर उंच चढतो, तेव्हा साधारण पाच किलोमीटरच्या वर त्यातले तापमान शून्याखाली गेलेले असते. तरी तिथला प्रत्येक थेंब गोठत नाही. बर्फाला धरून वाढायला योग्य धूलिकण मिळाला नाही, तर पाणी उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली द्रवच राहते. हे अतिशीत पाणी. गारा याच थेंबांवर पोसतात. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइड फवारतात तेही यांनाच गोठवायला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘कायपीक्स’ प्रयोगात विमाने ढगांत नेऊन थेंबांची मोजणी झाली.

थंड होताना पाणी दाट होते. वाहण्याला होणारा हा विरोध म्हणजे श्यानता, आणि रेणूंची आपापली भटकंती म्हणजे विसरण. १९०५ मध्ये आइन्स्टाइन आणि सदरलंड यांनी, स्वतंत्रपणे, दोहोंची सांगड घातली: विसरण तापमानाच्या सम आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात. सूत्र होते द्रवात तरंगणाऱ्या मोठ्या कणांसाठी. खुद्द द्रवाच्या रेणूंनाही ते बरेचसे लागू पडते, हेच खरे तर नवल.

अतिशीत पाण्याची श्यानता मोजणे अवघड, कारण जरा धक्का लागला की ते गोठते. २०१५ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी पाण्यात पॉलिस्टायरीनचे सूक्ष्म गोळे सोडले, त्यांची थरथर सूक्ष्मदर्शकाखाली टिपली आणि उणे ३४ अंशांपर्यंत मजल मारली. २५ अंशांच्या तुलनेत तिथे श्यानता सुमारे १६ पट भरते. गोडेतेलाइतके दाट पाणी तरीही होत नाही. सूत्राप्रमाणे विसरण जवळपास २० पटींनी मंदावायला हवे; प्रत्यक्षात ते त्याहून बरेच कमी मंदावते. हा दुरावा नेहमीच्या तापमानापासूनच सुरू होतो आणि गारव्याबरोबर वाढतो.

प्रचलित स्पष्टीकरण असे, की थंड पाणी सगळीकडे सारखे नसते. कुठे रेणू हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात जखडलेले, तर शेजारीच सैल. संध्याकाळी हिंजवडीकडून येणाऱ्या कोंडीत बस जागची हलत नाही, दुचाक्या मात्र फटीफटीतून निघतात, तसेच काहीसे. श्यानता ठरते अडकलेल्यांवरून, विसरणाची सरासरी चढते निसटणाऱ्यांमुळे. रेणूंचे जागच्या जागी फिरणे मात्र उणे ३४ अंशांपर्यंत श्यानतेच्याच मापाने मंदावत जाते.