काचेवरचा सांगाडा

शनीभोवती कडं आहे, हे क्रिस्तियान हॉयगेन्सनं १६५९ साली ग्रंथ लिहून जगाला सांगितलं. हॉलंडमधल्या द हेगचा हा ऐन तिशीतला शास्त्रज्ञ. लंबकाचं घड्याळ त्यानं त्याआधीच केलं होतं. आणि त्याच वर्षीच्या एका कागदावर त्यानं सांगाडे काढून ठेवले आहेत. छोटी छोटी दहा रेखाचित्रं. सांगाडा उभा आहे, हात वर जातो, हात कवटीला लागतो, कवटी मानेवरून सुटते. सोबत त्याची टीप आहे: ही चित्रं कंदिलातून, भिंगांच्या साहाय्यानं दाखवायची आहेत. हा म्हणजे जादूचा कंदील, आपल्या सिनेमाच्या प्रोजेक्टरचा खापरपणजोबा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो. पडद्यावर चित्र हलवायचं म्हटल्यावर एवढ्या मोठ्या माणसाला आधी सुचलं काय, तर स्वतःचं डोकं स्वतःच उतरवणारा मेलेला माणूस! पुढे हॉयगेन्सला या खेळण्याची लाजच वाटू लागली. १६६२ साली वडिलांना तो कंदील फ्रान्सच्या राजदरबारात दाखवायचा होता. घराण्याची शोभा नको, म्हणून त्यानं भावाला गुपचूप कळवलं की त्यातलं एखादं भिंग काढून टाक, म्हणजे कंदील चालणारच नाही.

पण सांगाडा काही कंदिलातून जाईना. त्याचं एक साधं कारण कारागिरीचं आहे, असं मला वाटतं. कंदिलात घालायची चित्राची काच सगळी काळी रंगवायची आणि फक्त हाडांपुरती मोकळी सोडायची. मग पडद्यावर चौकट उमटत नाही, भोवतीचा उजेडाचा गोल उमटत नाही. अंधारात नुसती हाडं तरंगतात, आणि समोरचा अंधार चित्रातला की खोलीतला, हे बघणाऱ्याला कळत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एत्येन-गास्पार रॉबर्टसननं या अंधाराचं सोनं केलं. कॅपुचिन साधूंच्या ओसाड मठात तो ‘फँटासमागोरिया’ नावाचे खेळ करायचा. त्याचा कंदील पडद्यामागे असे आणि त्याला चाकं होती. कंदील पडद्यापासून मागे ओढला की चित्र मोठं होतं. ते पुसट होऊ नये म्हणून भिंगही त्याच बेतानं सरकवायचं. पण प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नसे. पुढ्यातल्या काळोखात भूत मोठं होताना दिसलं, तर डोळा एकच अर्थ लावतो: ते आपल्याकडे येतंय. कंदील मागे जात होता आणि भूत पुढे येत होतं! त्यावर धूर आणि काचवाद्याचे हुंदक्यांसारखे सूर.

(हाच कंदील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणला आला. महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असं भारदस्त नाव दिलं आणि काचेवर रंगवलेल्या रामायण-महाभारताचे खेळ गावोगावी केले. तिथे भुतांऐवजी देव हलले.)

१९२९ साली हॉयगेन्सच्या त्या सांगाड्याला आवाज मिळाला. डिस्नेच्या ‘द स्केलेटन डान्स’मध्ये अब आयवर्क्सनं चार सांगाडे स्मशानात नाचवले. एक सांगाडा दुसऱ्याच्या मणक्यांवर मांडीच्या हाडांनी झायलोफोन वाजवतो. लघुपट जेमतेम साडेपाच मिनिटांचा. कोंबडा आरवतो, सगळी हाडं धांदलीनं थडग्यात शिरतात आणि दोन पावलं तेवढी बाहेर राहतात. मला हसू येतं आणि त्याच क्षणी मानेवर गार वाटतं. या दोन्ही गोष्टी एकदम घडवणं भल्याभल्यांना जमत नाही.

पण माझं खरं प्रेम बाहुल्यांच्या लघुपटांवर. टिम बर्टनचा ‘व्हिन्सेंट’ (१९८२) सहा मिनिटांचा, पॉल बेरीचा ‘द सँडमन’ (१९९१) दहाएक मिनिटांचा. ‘सँडमन’मध्ये एक पोरगा दिवा घेऊन वाकड्यातिकड्या जिन्यानं झोपायला वर जातो, आणि चंद्रकोरीसारख्या चेहऱ्याचा, पाखरासारख्या हालचालींचा कुणीतरी खोलीत येतो. शेवट सांगत नाही. तो बघायचा.

ही बाहुली इतकी अंगावर का येते? आपण चालत्या माणसाचं चित्रण करतो तेव्हा कॅमेऱ्याची झडप उघडी असते तेवढ्या क्षणातही हात थोडा पुढे गेलेला असतो. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये तो किंचित फरफटल्यासारखा उमटतो. बाहुलीचं तसं नाही. तिला तसूभर हलवायचं, हात बाजूला घ्यायचा, ती निश्चल झाली की मग फोटो. पुन्हा तसूभर. एका सेकंदाला असे चोवीस, निदान बारा फोटो. पडद्यावर ती चालते, पण त्यातल्या एकाही फ्रेममध्ये ती चालत नसते. प्रत्येक फ्रेम ठार स्थिर, लख्ख. जिवंत वस्तूच्या हालचालीतली ती फरफट डोळ्याला सापडत नाही, आणि काहीतरी चुकतंय हे शब्दांच्या आधी पाठीला कळतं. शिवाय त्या कापडाच्या आणि रबराच्या आत बहुधा धातूचा, खुब्यासारख्या सांध्यांचा सांगाडाच असतो.

मागच्या दिवाळीत भाचीबरोबर हे करून पाहिलं. किल्ल्यासाठी आणलेल्या मातीतून वीतभर म्हातारी केली, मोबाइल डब्याला टेकवला आणि साठ फोटो काढले. पाच सेकंदांसाठी दुपार गेली. म्हातारीची मान आम्हीच वळवली होती, एकेका बोटानं. चित्रफीत लावली आणि तिनं हळूच आमच्याकडे पाहिलं. भाची माझ्या दंडाला घट्ट चिकटली. आणि खरं सांगतो, मीही तिचा हात सोडला नाही.

हात निघून गेला की जीव येतो, एवढंच मला त्या दुपारी समजलं. फ्रेम आम्ही केल्या होत्या, त्यांच्या मधली जागा आमची नव्हती. तिथे बघणाऱ्याचं मन आपसूक भर घालतं.

ही मधली जागा मोकळी ठेवण्यातच भयकथेचं सगळं कसब आहे. १९५३ सालच्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये आपण खुन्याच्याच डोळ्यांनी बघतो. तो स्वतः कुठे उभा दिसत नाही. कानाशी जेम्स मेसनचा शांत, समजावणीचा आवाज. कार्टून असूनही ब्रिटनच्या सेन्सॉरनं त्याला ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं, कार्टूनला ते पहिल्यांदाच. आमची आजीही हडळीचा चेहरा कधी सांगायची नाही. पावलं उलटी, एवढंच बोलून सुपारी कातरत बसायची. आणि म्हणूनच अशी भुताची गोष्ट दहा मिनिटांत संपावी लागते. लांबली की भुताचा खुलासा करावा लागतो, खुलासा झाला की भीती पळते. मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात मला जिंकतो तो १९३३ सालचा ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’. अलेक्सांद्र अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी पांढऱ्या फळीत लाखो बारीक टाचण्या खोचल्या आणि बाजूनं उजेड सोडला. टाचणी जेवढी बाहेर, तेवढी तिची सावली लांब. सगळ्या बाहेर काढल्या की फळी काळी, आत ढकलल्या की पांढरी. या सावल्यांतून त्यांनी चेटकिणी, घोडे, वादळ घडवलं. एक फ्रेम टिपायची, टाचण्या ढकलायच्या, आणि आधीचं चित्र कायमचं नाहीसं व्हायचं. पडद्यावर दिसणाऱ्या त्या चेटकिणी कागदावर कधीच नव्हत्या.

आमची मातीची म्हातारी मात्र अजून आहे, फडताळात. भाची रात्री झोपायला आली की आधी तिचं तोंड भिंतीकडे करते.