वाकड्या शेपटीची करामत

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणून आपण कुत्र्यांना आणि काही नातेवाइकांना मोडीत काढतो. अलास्कात मात्र या वाकडेपणाला मोल आहे. उणे चाळीस अंशांत बर्फावर झोपणारं कुत्रं अंगाचं वेटोळं करतं आणि झुपकेदार शेपूट नाकावर ओढून घेतं. उच्छ्वासाची ऊब तिथेच अडकते. फुकटचा मफलर!

पण ज्याचा जन्म अंगणात गेला, त्या घरच्या कुत्र्याचं उत्तरेच्या रानात काय होतं? ऐका.

बक खरा होता, नाव मात्र जॅक

कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाच्या बंगल्यावर सुखात लोळणारा बक चोरीला जातो, क्लोंडाइकच्या बर्फात गाडी ओढतो आणि शेवटी लांडग्यांत सामील होतो. जॅक लंडनची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरी 1903 साली आली आणि लेखकाचं नशीबच पालटलं. त्याआधी 1897 मध्ये लंडन स्वतः सोनं शोधायला क्लोंडाइकला गेला होता. सोनं हाती लागलं नाही, स्कर्व्ही झाला. पण डॉसन गावात बाँड नावाच्या दोन भावांच्या खोपटापाशी त्याने मुक्काम केला, आणि त्यांचा जॅक नावाचा कुत्रा त्याच्या मनात भरला. सेंट बर्नार्ड आणि कॉली यांचा संकर. बाँड बंधूंचे वडील कॅलिफोर्नियात न्यायाधीश होते. म्हणजे बकचा बंगलाही लेखकाला आयताच मिळाला.

पाय गार, डोकं शांत

बर्फावर अनवाणी उभं राहा म्हटलं तर आपण मिनिटभरात नाचायला लागू. कुत्रं तासन्‌तास उभं राहतं. जपानी शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्याचे तळवे तपासले, तेव्हा गुपित कळलं. पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून परतणारं गार रक्त यांच्या वाहिन्या अगदी चिकटून असतात. जाणारं रक्त येणाऱ्याला ऊब देऊन टाकतं, त्यामुळे गारठा वर शरीरात चढत नाही. मजा म्हणजे ही सोय फक्त हस्कीची मिरासदारी नाही. सोफ्यावर घोरणाऱ्या कुत्र्याच्या पायांतही ती असते.

तरीही बूट हवेतच

कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळव्यांत. घाम आला, बोटांच्या बेचक्यात बर्फाचे खडे जमले की कातडी सोलवटते. म्हणून अँकरेजजवळून नोमपर्यंत सुमारे 1,600 किलोमीटर चालणाऱ्या, कुत्र्यांच्या गाड्यांच्या ‘इडिटारॉड’ शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बुटी बाळगण्याचा नियम आहे. चार पायांत, चार राखीव. एका संघात डझनभर कुत्री धरली तरी सगळे बूट चढवायला बसलेल्या माणसाची कंबर आठवून बघा.

शंभर पोळ्यांची भूक

घरच्या मध्यम कुत्र्याला दिवसाला हजारेक कॅलरी पुरतात. शर्यतीत धावणाऱ्या कुत्र्याला लागतात सुमारे दहा हजार. पोळ्यांत मोजायचं तर शंभरेक! अर्थात त्याला पोळ्या कोण घालतो? मासे, मांस आणि भरपूर चरबी, हाच तिथला नैवेद्य.

आणि त्याला कारण आहे. पिष्ट पचवायला मदत करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याकडे 2 प्रती असतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कुत्र्यांमध्ये त्या 4 ते 30 आढळल्या. माणसाने शेती केली, कुत्र्याने उष्टं खाल्लं आणि पोट त्या वळणावर गेलं. शेती पोहोचलीच नाही त्या उत्तरेकडच्या जातींत मात्र या प्रती कमी आढळतात. आपल्या दारातला मोत्या दूधभाकरीवर खूश, त्यामागे हजारो वर्षांची उष्टावण आहे.

आज्ञा द्यायची तर ‘जी’ म्हणा

गाडी हाकणाऱ्याला ‘मशर’ म्हणतात. मूळ फ्रेंच ‘मार्श’, म्हणजे ‘चला’. उजवीकडे वळायचं तर ‘जी’, डावीकडे वळायचं तर ‘हॉ’. कुत्र्यांना ‘जी’ म्हणून बोलावणारी इतकी अदब लखनौतही सापडायची नाही.

पूडलची फजिती

जॉन सूटर नावाच्या अलास्कावासीयाने 1988 ते 1991 या काळात चक्क पूडल जुंपून इडिटारॉड गाठली. हो, तेच सलूनमध्ये केस कातरून घेणारे! धावायला कमी नव्हते, पण घात केला केसांनी. हस्कीच्या अंगावर दोन थर असतात, आत दाट लोकर आणि बाहेर राठ केस. बर्फ वरच्यावर झटकला जातो. पूडलच्या कुरळ्या केसांत बर्फाचे गोळे अडकून बसायचे. पुढे आयोजकांनी नियम केला की थंड प्रदेशात टिकणाऱ्या उत्तरी जातीच हव्यात. हस्कीचा हाच दुहेरी कोट पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात त्याला नकोसा होतो, हेही लक्षात असू द्या.

काच फोडून नोकरीवर हजर

टोगो नावाचं कुत्रं पिल्लू असताना किडकिडीत, आजारी आणि उपद्व्यापी. लिओनार्ड सेपाला या त्याच्या मालकाने त्याला घरी पाळण्यासाठी कुणाला तरी देऊन टाकलं. टोगोने काही आठवड्यांत खिडकीची काच फोडून उडी घेतली आणि थेट गाडीच्या कुत्र्यांत परतला. पुढे 1925 मध्ये नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत 1,085 किलोमीटरवरून प्रतिविषाचं औषध पोहोचवलं. सर्वांत लांब पल्ला धावला बारा वर्षांचा टोगो. शेवटचा टप्पा बाल्टो नावाच्या कुत्र्याच्या संघाकडे होता, म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुतळा आधी बाल्टोचा उभा राहिला. राबतो एक, हार दुसऱ्याला. कुत्र्यांतही तेच!

साळिंदराशी पंगा नको

शहरातून आलेल्या कुत्र्याला अस्वलाआधी गाठतं ते साळिंदर. उत्तर अमेरिकेतल्या या प्राण्याच्या अंगावर तीसेक हजार काटे. ते काटे फेकून मारत नाही, पण हुंगायला नाक जवळ नेलं की संपलं. टोकांना डोळ्यांनी न दिसणारे उलटे दाते असल्याने काटे आत सहज शिरतात आणि निघताना रडवतात.

लांडगाच आला खेळायला

कादंबरीत बक लांडग्यांकडे गेला. अलास्कातल्या जूनो गावात उलटं झालं. 2003 च्या हिवाळ्यात मेंडेनहॉल हिमनदीजवळच्या तळ्यावर एक काळा लांडगा यायला लागला, तो पाळीव कुत्र्यांशी खेळायला! गावाने त्याचं नाव ठेवलं रोमिओ. सहा वर्षं तो येत राहिला. 2009 मध्ये त्याला गोळी घातली ती माणसाने.

आणि हा नानुक

2023 मध्ये बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावरून नानुक नावाचा एक वर्षाचा ऑस्ट्रेलियन शेफर्ड हरवला. महिनाभराने सापडला सुमारे 240 किलोमीटरवरच्या वेल्स गावात, गोठलेल्या समुद्रापलीकडे. पायावर कुठल्याशा मोठ्या जनावराच्या दातांच्या खुणा, बाकी तब्येत ठणठणीत. नानुक म्हणजे तिथल्या भाषेत पांढरं अस्वल. नावाला जागला म्हणायचा! रानात मुरायची एवढी संधी मिळूनही त्याने गाठलं ते माणसांचंच गाव. परतीचा प्रवास मात्र आरामात झाला. मालकिणीने विमान कंपनीचे साठवलेले पॉइंट खर्च केले आणि खेळांच्या स्पर्धेसाठी निघालेल्या शाळकरी मुलांच्या विमानात बसून स्वारी घरी आली.