एक गाव, दोन पात्या... एक संकेतस्थळ, दोन भाषा!

आईचे माहेर कन्नड, बाबांचे घर मराठी... आपल्या बेळगाव-निपाणी भागात असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. अशा घरातल्या मुलांनी कुटुंबाचे संकेतस्थळ करायचे मनात आणले, की पहिला प्रश्न येतो : आजीच्या आठवणी मराठीत लिहायच्या की कन्नडमध्ये? आमचे उत्तर एकच : दोन्हीत!

यासाठी माळव्याकडे पाहू या. तिथे पवारांनी राज्य केले ते धार आणि देवासला. धारला एकच गादी होती. देवासला मात्र तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. गाव एक, दरबार दोन! १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी आपल्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच पं. कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला गेले आणि १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत तेथलेच झाले. जन्म कन्नड घरातला, नाट्यगीते मराठी आणि लोकगीते माळवी. एकामुळे दुसरे कमी झाले नाही.

संकेतस्थळही असेच दोन पात्यांचे करता येते. ड्रुपल, वर्डप्रेस या मोफत प्रणाली म्हणजे घराच्या भिंती आणि छप्पर. त्यात जोडायची मोड्यूल (वर्डप्रेसमध्ये प्लगइन) म्हणजे स्वयंपाकघरातली यंत्रे : एक छायाचित्रे मांडते, दुसरे शोध घेते. थीम म्हणजे घराची रंगरंगोटी. वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय २००४ मध्ये आली, थीमची २००५ मध्ये.

दोन भाषांची मोड्यूल ड्रुपलमध्ये २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून मुळातच असतात. ती फक्त सुरू करायची. वर्डप्रेसला पॉलिलँगसारखे प्लगइन जोडावे लागते. मग प्रत्येक लेखाची मराठी आणि कन्नड प्रत एकमेकींना जोडली जाते आणि वाचक एका बटणाने इकडून तिकडे जातो.

थीम निवडताना मात्र नुसत्या रंगाला भुलू नका. कन्नडमध्ये 'अज्जी' आणि 'अक्का' लिहून पाहा. जोडाक्षरातले दुसरे अक्षर ओळीखाली येते. ओळी दाट असतील तर ते खालच्या ओळीत घुसते. मराठीत 'गंधर्व' लिहा आणि रफार कापला जात नाही ना, ते पाहा.

आता खरी काळजीची गोष्ट. मोड्यूलला आयुष्य असते. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. अशी जुनी स्थळे नव्या आवृत्तीत नेताना, ज्या मोड्यूलच्या कर्त्याने काम सोडून दिले, त्याचा भाग अडकून बसतो. वर्डप्रेसमध्ये पाने सजवणारे एखादे प्लगइन काढले, तर मजकुरात चौकटी कंसांतल्या खुणा तेवढ्या उरतात. जुन्या खास फाँटमध्ये लिहिलेला मराठी मजकूर तर तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य अक्षरेच दाखवतो.

म्हणून चार नियम पाळा. मजकूर युनिकोडमध्ये आणि साधा लिहा. जोडणी घेण्याआधी तिची शेवटची सुधारणा केव्हाची, ते पाहा. लागतील तेवढ्याच जोडण्या घ्या. आणि महिन्यातून एकदा सर्व मजकूर व छायाचित्रे घरच्या संगणकावर उतरवून ठेवा. नवी आवृत्ती आधी प्रतीवर चालवून पाहिली, तर मूळ स्थळाला धोका राहत नाही.

थीम उद्या जुनी होईल, मोड्यूल बंद पडेल. आजीने सांगितलेली गोष्ट मात्र दोन्ही भाषांत राहिली पाहिजे. या रविवारी तिच्याजवळ बसा. ती कन्नडमध्ये सांगेल, तुम्ही ऐकून तसेच लिहा. मराठी प्रत रात्री केली तरी चालेल. आजीला मात्र आजच ऐका.