विणलेले कुंपण

घर बांधताना आपण भिंतींचा विचार वर्षभर करतो आणि कुंपणाचा शेवटच्या आठवड्यात. तोवर हाती पैसा उरलेला नसतो, उत्साहही ओसरलेला असतो. मग काटेरी तारेचे चार पदर ओढले जातात, किंवा सिमेंटच्या फळ्या एकीवर एक रचल्या जातात, आणि दारच्या जाईला आधार म्हणून उरलेल्या लोखंडी गजाचा एक तुकडा मिळतो. आपल्या लेखी कुंपण ही घराची अखेरची गोष्ट असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र तीच सर्वांत आधी दिसते. प्रस्तुत लेखात आम्ही एका जुन्या तऱ्हेच्या कुंपणाविषयी लिहिणार आहोत. त्यात खिळा नाही, तार नाही, सिमेंट नाही. उभ्या खुंटांतून लवचीक फांद्या किंवा कामट्या आतबाहेर ओवून, टोपली विणावी तसे ते विणलेले असते.

ही विद्या किती जुनी आहे याची साक्ष इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यात मिळते. तेथील सखल दलदलीच्या प्रदेशात, वॉल्टन हीथ येथे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्खनन झाले, तेव्हा हेझलच्या काटक्यांच्या विणलेल्या ताट्या सापडल्या. चिखलातून पाय न रुतता चालता यावे म्हणून चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी त्या वाटेवर अंथरल्या होत्या. कुजक्या पाणथळ मातीत हवा पोचत नाही, म्हणून त्या टिकल्या. त्यांची वीण आजच्या कारागिराने पाहिली तर ती त्याला परकी वाटू नये.

याच सॉमरसेटमध्ये विलो या झाडाची शेती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. क्रिकेटची बॅट ज्या झाडाच्या लाकडापासून होते, त्याच कुळातील ही टोपल्यांसाठी लावली जाणारी जात. थंडीत पाने गळाली की तिच्या साऱ्या काठ्या बुडख्यापाशी छाटतात. वसंतात त्याच बुडख्यातून नवे, सरळ, बिनफांद्यांचे कोंब येतात आणि पुढच्या थंडीपर्यंत पुरुषभर उंच होतात. दरवर्षी कापायचे आणि दरवर्षी यायचे, असा हा क्रम एकाच बुडख्यावर कित्येक वर्षे चालतो. सालीसकट वाळवलेली काठी तपकिरी राहते. सालीसकट उकळून मग सोललेली काठी सालीतील रंग पिऊन तांबूस होते. आणि वसंतात रस चढला असताना सोललेली काठी पांढरी निघते. वाळलेली काठी विणण्यापूर्वी पाण्यात भिजवावी लागते. फुटाला एक दिवस, असा तेथील कारागिरांचा ठोकताळा आहे.

कुंपणाची ताटी विणण्याची रीत अशी. एका जाड ओंडक्याला ओळीने भोके पाडून त्यांत नऊ-दहा उभ्या काठ्या रोवतात. मग आडव्या काठ्या एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशा ओवत जातात. खरे कसब कडेला लागते. शेवटच्या उभ्या काठीशी आल्यावर आडवी काठी नुसती वाकवली तर मोडते. म्हणून तिला दोरीसारखा पीळ देतात. पिळामुळे तंतू एकमेकांपासून सुटे होतात आणि काठी न तुटता वळसा घेऊन परत फिरते. प्रत्येक काठी शेजारच्या काठीच्या दाबाने जागच्या जागी राहते, म्हणून बांधायला दोरीही लागत नाही.

अशा कुंपणाचा एक गुण शेती जाणणाऱ्यांना ठाऊक असतो. भरीव भिंतीवर वारा आदळला की तो वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे करीत खाली येतो. भिंतीच्या आडोशाला लावलेले रोप त्यामुळे कित्येकदा मुळापासून हलते. विणलेल्या ताटीतून निम्मा-अधिक वारा गाळला जाऊन पुढे जातो व त्याचा जोर मोडतो. कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत हा निवारा जाणवतो. चार फुटी ताटी चाळीस फुटी परसाला पुरेशी होते, ती याच कारणाने.

आता प्रश्न आपला. परदेशी बागांची चित्रे पाहून विलोचे कुंपण करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. विलो भारतात नाही असे नाही. काश्मीरच्या खोऱ्यात त्याच्या काठ्यांनी कांगडीची टोपली विणली जाते, आणि संगम-बिजबिहारा भागात त्याच्या लाकडाच्या बॅटी होतात. आपल्याकडे नदीनाल्यांच्या काठी उगवणारा वाळुंज हा त्याच कुळातला. परंतु थंड मुलखातील टोपल्यांचा विलो आपल्या उन्हाळ्यात तग धरणारा नव्हे. आणि त्याच्या वाळलेल्या ताट्या आणवल्या, तरी आपला पाऊस व आपली वाळवी त्यांना तेथल्याइतके आयुष्य लाभू देणार नाहीत. सॉमरसेटकडून घ्यायची ती रीत आणि विचार. काडी आपल्याच मातीतली हवी.

ती काडी म्हणजे बांबू. कोकणपट्टी, गोवा आणि बेळगाव-खानापूरच्या बाजूस माणगा नावाचा बांबू होतो. त्याला काटे नसतात आणि तो आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून खुंटासाठी तो उत्तम. कामट्यांसाठी पोकळ बांबू बरा. तो सहज चिरता येतो. बांबू लावण्यास आता पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होत असे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला.

बांबूची वीण आपल्याला नवी आहे असेही नाही. कारवीच्या काठ्यांचा, वरून शेणमाती लिंपलेला कूड हा कोकणातल्या घरांचा जुना अवयव. संतसाहित्यात मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांना जे स्थान आहे ते वाचकांस सांगावयास नको. त्यातली ताटी म्हणजे असेच विणलेले, झोपडीच्या दाराला लावायचे झाप. ज्यांच्या हाती ही विद्या राहिली त्यांना आपण मराठीत बुरूड म्हणतो. बेळगावकडील वाचक त्यांना मेदार म्हणून ओळखतील, हैदराबादकडील मेदरी म्हणून. माळव्यात ते बसोड, गुजरातेत वांसफोडा. नावे वेगळी, हातातली कोयती एकच.

ज्यांना परसात असे कुंपण करावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. बांबूचा कोंब पावसाळ्यात वर येतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो वाढत नाही, जाडही होत नाही, केवळ पक्का होत जातो. तीन वर्षांहून कमी वयाचा बांबू तोडू नये. कोवळ्या बांबूच्या पेरांशी आवरणे चिकटलेली असतात. जून बांबू मळकट दिसतो आणि त्यावर करडे डाग पडतात. तोड पावसाळा सरल्यावर, थंडीत करावी. बांबूत पिष्ट असते व ते खाण्यासाठी भुंगेरे त्याला पोखरतात. बांबूखाली पिवळट पीठ पडू लागले की हे ओळखावे. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातील पिष्ट बरेचसे निघून जाते. बोरॅक्स व बोरिक आम्लाचे पाणी घरातील बांबूच्या वस्तूंना चांगले, पण उघड्यावर पावसाने ते धुऊन जाते. कुंपणास त्याचा भरवसा नको.

कुंपण कुजते ते जमिनीलगत. मातीत गाडलेला बांबू आपल्याकडे एक-दोन वर्षांत कामातून जातो. मातीपासून वीतभर वर राहिलेली ताटी त्याच्या दुपटीने तरी टिकते. यावर सर्वांत सुंदर उपाय म्हणजे जिवंत खुंट. पावसाच्या आरंभी पांगारा, शेवगा, गिरिपुष्प किंवा निर्गुडी यांच्या जाड फांद्या रोवल्या की त्या रुजतात आणि पालवतात. इंग्लंडात विलोच्या ओल्या काठ्या थंडीत रोवून जिवंत कुंपण करतात, त्याचेच हे आपले रूप. फांद्या रुजेपर्यंत एक पावसाळा थांबावे, त्यानंतर खुंटांना ताट्या बांधाव्यात. रुजलेला खुंट कुजत नाही, वाळवीही त्याला सहसा हात लावीत नाही. वर्षातून एकदा त्याचा माथा छाटला की झाले. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी दगडाचे किंवा सिमेंटचे आखूड खांब रोवून त्यांना ताट्या बांधाव्यात.

ताटीसाठी उभ्या काठ्या हातभर अंतराने घ्याव्यात. कामट्या बांबू ओला असतानाच काढाव्यात, बोटभर रुंद. सालीकडची कामटी चिवट व पाण्याला दाद न देणारी, आतल्या गराकडची लवकर कुजणारी, म्हणून कुंपणाला सालीकडचीच वापरावी. उंची चार फुटांपेक्षा अधिक नसावी. शेजारच्या वहिनींना वाटीभर विरजण देता येईल आणि शेळीला मात्र आत डोकावता येणार नाही, एवढी ती पुरे.

वेलांसाठी हीच वीण विरळ करावी. कारले, दोडका, घेवडा, वाल यांना वीतभर चौकटींची उभी जाळी चालते. दुधी, भोपळा यांना भार पेलणारा आडवा मांडव हवा. वेलाचे तणावे जाड वासा धरू शकत नाहीत. बारीक कामटी त्यांना सहज वेढता येते. बांबूची साल गुळगुळीत असते, म्हणून जोडांवर काथ्याची दोरी बांधावी. तिच्या खरखरीतपणाचा वेलाला आधार होतो. मात्र बोगनवेल किंवा मधुमालतीसारखे वर्षानुवर्षे जाड होत जाणारे वेल बांबूवर चढवू नयेत. वेल भरात येतो तेव्हा नेमका बांबू थकलेला असतो. हंगामी वेल संपला की जाळी मोकळी होते आणि डागडुजीला सवड मिळते.

सिमेंटच्या भिंतीशी तुलना केली तर हे कुंपण दुबळे ठरेल हे आम्हांस मान्य आहे. दोन-तीन वर्षांनी एखादी ताटी बदलावी लागेल, दरवर्षी काही कामट्या नव्या घालाव्या लागतील. परंतु एक ताटी थकेपर्यंत बेटात दुसरीपुरता बांबू पक्का झालेला असतो, आणि जुनी ताटी चुलीत किंवा खतात जाते. मोडकी काटेरी तार आणि फुटके सिमेंट यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो.

याहून मोठी गोष्ट कारागिराची आहे. सॉमरसेटच्या विलोलाही वाईट दिवस आले होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून हवाई छत्रीने सामान टाकण्यासाठी विलोच्या पेट्या लागत, तोवर मागणी होती; पुढे पुठ्ठा आणि प्लॅस्टिक आले, टोपल्या गेल्या, शेते मोडली गेली. जी राहिली ती नवे गिऱ्हाईक मिळाल्यामुळे: बागेची कुंपणे, वेलांच्या जाळ्या, चित्रकारांसाठी कोळशाच्या कांड्या, इतकेच काय शवपेट्यासुद्धा. आपल्या बुरुडांचे सूप, रोवळी, दुरडी, हारा प्लॅस्टिकने त्याच तऱ्हेने हिरावून घेतले. लग्नाच्या रुखवतापुरती एखादी दुरडी आपण आजही आणतो. पण वर्षातून एका दुरडीवर कोणाचा संसार चालत नाही. एका परसाचे कुंपण म्हणजे बुरुडाला कित्येक दिवसांचे काम. अशी पाच-दहा घरे मिळाली तर त्याच्या मुलाला हातातली कोयती खाली ठेवावीशी वाटणार नाही.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या वर्गात 'कामटी' या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा एका हुशार मुलाने 'नागपूरजवळचे गाव' असे उत्तर दिले. त्याने कामठी ऐकली होती, कामटी पाहिलीच नव्हती. महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण मराठी टिकावी म्हणून वाचनालये चालवतो, व्याख्यानमाला भरवतो, आणि ते आवश्यकच आहे. तथापि कामटी, ताटी, मेढ, मांडव, झाप हे शब्द पाठ करून राहणार नाहीत. ती वस्तू हाताखालून गेली, तिचे कूस बोटाला टोचले, तर ते राहतील. आजोबांनी कामटी धरावी, नातवाने ओवावी, आणि चुकले तर आजीने ओट्यावरून सांगावे, 'अरे, आता मागून घाल'. असा व्याकरणाचा तास आम्हांस शाळेतही घेता आलेला नाही.

दिवाळी सरली की बांबूच्या तोडीचे दिवस सुरू होतात. आपल्या गावच्या बुरूडआळीत तेव्हा एकदा जावे, थोडी रक्कम आगाऊ द्यावी, आणि ताटी आपल्या अंगणातच बसून विणण्याची विनंती करावी. जाताना घरातल्या मुलांना बरोबर न्यावे.