आई-बाबांसोबत ब्रिटनच्या समुद्रकिनारी जाताय? तब्येतीला मानवेल असं हॉटेल कसं निवडाल?

मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये असते. उन्हाळ्यात आई-बाबा महिना-दोन महिने राहायला जातात आणि एक शनिवार-रविवार समुद्रकिनारी जायचं ठरतं. हॉटेल मुलं निवडतात. फोटोत खिडकीतून समुद्र दिसतो आणि बुकिंग होतं.

माझ्या एक रुग्ण काकू अशाच सहलीहून मनगटाला प्लास्टर घालून परतल्या. किनाऱ्यावर त्यांना काहीच झालं नव्हतं. पहाटे अंघोळीनंतर बाथटबमधून बाहेर येताना त्या घसरल्या होत्या. हॉटेल छान होतं, फक्त त्यांच्या गुडघ्यांसाठी ते योग्य नव्हतं.

म्हणून गुडघेदुखी, हृदयविकार, दमा किंवा मधुमेह असलेलं कुणी सोबत असेल, तर समुद्र दिसतो का हे नंतर बघा. आधी खोली, बाथरूम आणि किनाऱ्यापर्यंतचा रस्ता यांची चौकशी करा.

गाव सपाट आहे की चढाचं?

स्कारबरो आणि बोर्नमथमध्ये बरीच हॉटेलं कड्यावर आहेत आणि किनारा खाली. व्हिटबीत चर्चपर्यंत जाणाऱ्या १९९ पायऱ्या प्रसिद्ध आहेत. याउलट वेल्समधल्या लँडुडनोचा किंवा ब्लॅकपूलचा किनाऱ्यालगतचा रस्ता बराचसा सपाट आहे. ब्लॅकपूलला किनाऱ्याने ट्रामही धावते, त्यामुळे थकल्यावर बसून परत येता येतं.

ॲन्जायना असलेल्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. जेवणानंतर पचनासाठी हृदयाला जास्त काम करावं लागतं. थंड वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात. त्यात चढ आला की छातीत दुखू शकतं. हॉटेल वर आणि जेवण खाली असेल, तर रोज रात्री नेमकं हेच घडतं. अशा वेळी टॅक्सी करा. कड्यावर नेणारी लिफ्ट असेल, तर ती सध्या चालू आहे का आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आधी विचारा.

लिफ्ट आहे, पण कुठपर्यंत?

किनाऱ्यावरची अनेक छोटी हॉटेलं आणि गेस्ट हाऊस ही जुनी व्हिक्टोरियन काळातली घरं आहेत. जिने अरुंद असतात आणि लिफ्ट नसतेच. काही ठिकाणी लिफ्ट असूनही दारापाशी किंवा मजल्यावर चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून फक्त ‘लिफ्ट आहे का?’ असं विचारू नका. ‘रस्त्यापासून खोलीतल्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत?’ असं विचारा.

समुद्र दिसणारी खोली बहुधा वरच्या मजल्यावर असते. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही. जिना उतरणं जमत नसेल, तर तळमजला किंवा पहिला मजलाच घ्या.

बाथरूम नीट बघा

- तिथे शॉवर पुष्कळदा बाथटबच्या वर बसवलेला असतो. ओल्या पायाने टबची उंच कड ओलांडणं धोक्याचं आहे. ‘वॉक-इन शॉवर’ किंवा ‘वेट रूम’ असलेली खोली मागा. आधाराचे दांडे आणि शॉवरसाठी स्टूल मिळेल का, हेही विचारा.
- बाथरूम खोलीला जोडलेलंच हवं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटचा त्रास किंवा मधुमेह असेल, तर रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.
- बाथरूमच्या दिव्याचं बटण अनेकदा बाहेर असतं किंवा छतावरून लोंबणारी दोरी ओढावी लागते. पहिल्याच संध्याकाळी आई-बाबांना ते दाखवून ठेवा. अपंगांसाठीच्या बाथरूममध्ये लाल दोरी असते. ती मदत बोलावण्यासाठी असते. ती गुंडाळून वर बांधू नका, पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशी खाली सोडलेली असू द्या.

औषधं, इन्सुलिन आणि जेवण

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. खोलीतल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका. काही पुरेसे थंड होत नाहीत, तर काहींमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ इन्सुलिन गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वापरू नये. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, नेमकी मुदत पाकिटावर बघा. दोन दिवसांच्या सहलीला बहुधा तेवढं पुरतं.

जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ‘अजून अंधार पडला नाही’ म्हणत जेवण लांबतं, आणि छोट्या गावात तोवर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी धोकादायकरीत्या उतरू शकते. जेवण घड्याळ बघून घ्या. हॉटेलात रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, ते विचारा. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा.

दमा असेल, तर ओल येणारी खोली टाळा आणि उन्हाळ्यातही हीटर लावता येतो का, ते विचारा. किनाऱ्यावर थंड वारा असतो. नाक-तोंडावर मफलर घ्या आणि इन्हेलर हॉटेलात न ठेवता खिशात ठेवा.

रात्री दोन वाजता त्रास झाला तर?

रिसेप्शनवर रात्रभर कुणी असतं का, हे विचारा. छोट्या गेस्ट हाऊसमध्ये बहुधा नसतं. जवळचा २४ तास चालणारा आपत्कालीन विभाग कुठे आहे, तेही आधीच शोधा. उदाहरणार्थ, लँडुडनोच्या रुग्णालयात किरकोळ दुखापतींची सोय आहे, पण मोठा आपत्कालीन विभाग दुसऱ्या गावी, बोडेलविडन इथे आहे.

छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं यांपैकी काहीही झालं, तर लगेच ९९९ ला फोन करा. स्वतः गाडी काढू नका. तातडीचं नसेल, तर १११ वर सल्ला मिळतो.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना आपत्कालीन विभागातल्या उपचारांचे पैसे पडत नाहीत. पण दाखल करावं लागलं, तर इंग्लंडमध्ये एनएचएसच्या दराच्या १५० टक्के बिल येतं. म्हणून प्रवास विमा हवाच, आणि त्यात जुने आजार लपवू नका. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथलं औषध दुकान औषध देत नाही. त्यामुळे पुरेशी औषधं न्या आणि चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घ्या.

बुकिंगआधी एक फोन

वेबसाइटवरच्या खुणांवर न थांबता थेट हॉटेलला फोन करा. अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोयी करणं तिथे २०१० च्या समानता कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. आई-बाबांनाही विचारा, ‘जिना किती चढवतो? रात्री किती वेळा उठता?’ ‘आम्हाला काही नको, कुठेही चालेल’ असं ते म्हणतील. त्यावर विसंबू नका. खोली तळमजल्यावर मिळाली, तर समुद्र बघायला बाहेर बाकावर जाऊन बसता येईल.