गंगारामांचा चहा आणि कोल्हापूरची वाटी

चैत्रात जोतिबाचा डोंगर गुलालाने माखतो. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेले, सासनकाठीशी आमचे देणेघेणे नाही. पक्षकाराच्या कामासाठी डोंगरावर गेलो होतो. उतरताना लागलेली भूक मात्र अस्सल कोल्हापुरी!

शहरात येऊन तांबडा-पांढरा रस्सा ओरपला. एकाच बाकावर मराठा, मुस्लिम, लिंगायत आणि आम्ही बौद्ध. जात कोणी विचारली नाही.

हे फुकट मिळालेले नाही. याच कोल्हापुरात पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून गंगाराम कांबळे यांना चाबकाचे फटके बसले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले. नाव ‘सत्यसुधारक’. सवर्ण फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. राजाने दिलेला कप नाकारणार कोण? १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा हुकूमही त्यांनीच काढला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने आणि उपाहारगृहे नाव घेऊन आली.

तरीही खेड्यातल्या टपरीवरच्या वेगळ्या कपाची तक्रार घेऊन आजही माणसे वकिलाकडे येतात. गंगारामांची आठवण सांगूनच मी कागद लिहायला घेतो.