मेगावॅटमधला ‘महा’

औष्णिक वीज केंद्र हे कागदावरचं नाव, बोलताना ‘थर्मल’. नागपूरजवळच्या कोराडीत महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. आत शिरलं की शब्द बहुतेक इंग्रजी, पण एकाच कुळातले नव्हेत. वॅट हे तर आडनाव, जेम्स वॅटचं. टर्बाइन हा शब्द क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ साली घडवला, लॅटिन ‘टुर्बो’वरून. टुर्बो म्हणजे भोवरा. वाफेच्या झोताने मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या यंत्राला हे नाव शोभतं.

खरी गंमत ‘मेगा’त आहे. ग्रीक ‘मेगास’ म्हणजे मोठा, आणि संस्कृत ‘महा’ त्याचा भाऊबंद. पण कानाला जुळतं म्हणून नातं लावायचं नसतं. ग्रीक ‘ए’च्या जागी संस्कृतात ‘अ’ आणि ‘ग’च्या जागी ‘ह’, असा बदल आणखी कुठे दिसतो का, ते पाहायचं. दिसतो. ‘मी’ला ग्रीकमध्ये ‘एगो’, संस्कृतात ‘अहम्’. जबड्याला तिकडे ‘गेनुस’, इकडे ‘हनु’. आपल्या हनुवटीत तोच आहे. ‘ए’चा ‘अ’ तर असंख्य शब्दांत भेटतो. ‘ग’ आणि ‘ह’ची जोडी मोजक्याच ठिकाणी, म्हणून ती जास्त बोलकी. तेव्हा मेगावॅट, महानिर्मिती आणि कोराडीची महालक्ष्मी यांचा आरंभ एकाच धातूशी जातो.

‘थर्मल’चं नातं तर कानाला कळतच नाही. ग्रीक ‘थर्मोस’ म्हणजे गरम, संस्कृतात ‘घर्म’. कुठे थ, कुठे घ! हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ भाषेतला घशातून, ओठ गोल करून निघणारा एकच ध्वनी प्रत्येक घरी आपापल्या नियमाने बदलत गेला. ‘घर्म’ म्हणजे आधी उष्णता, मग तिने अंगावर येणारं पाणी. मराठीत त्याचा ‘घाम’ झाला. नागपूरकडच्या मे महिन्यात हे पटवून द्यायला व्युत्पत्तिकोश लागत नाही.

याच्या उलट प्रकार बाहेर उंच उभा आहे. इंग्रजी ‘चिमनी’ ग्रीक ‘कामिनोस’, म्हणजे भट्टी, या शब्दापासून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आली. आपल्या जिभेने ‘न’चा ‘ण’ केला, कारण ‘चिमणी’ घरात आधीच होती. पाखराचं नाव मात्र ‘चिमणं’, म्हणजे इवलंसं, यावरून आलेलं. आवाज एक, रक्ताचं नातं शून्य.